पोरींची टीम, सव्वाआठशे मैल आणि रविवारचा परतीचा ड्राइव्ह

ओसरी

सल्ला हवाय, आणि थोडं मन मोकळंही करायचंय.

लेक मध्य ओहायोत युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. मुलींच्या क्लब सॉकर टीममध्ये लेफ्ट बॅक खेळते. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या वीकेंडला अलाबामात फोली नावाच्या गावी देशभरातल्या क्लब टीम्सची स्पर्धा आहे आणि यांचा नंबर लागलाय. आनंदच आहे. अठरा मुली, तीन मिनीव्हॅन, सोबत कोच नाही. गाड्या युनिव्हर्सिटीच्या मोटर पूलमधल्या, चालवणार मुलीच. सहा ड्रायव्हर ठरल्यात, त्यातली एक आमची.

आय-७१ हायवेने लुईव्हिल, तिथून आय-६५ धरून नॅशव्हिल, बर्मिंगहॅम, माँटगोमेरी आणि मग खाली आखाताकडे. सव्वाआठशे मैल, न थांबता तेरा तास. जायची मला काळजी नाही. गुरुवारी पहाटे ताज्यातवान्या निघणार, वाटेत सेंट्रल टाइम लागतो म्हणून एक तास फुकटात मिळतो. तो तास परतीला व्याजासकट वसूल होतो. शुक्रवार-शनिवार गटातल्या मॅचेस, वर आल्या तर रविवारी बाद फेरी. समजा फायनलपर्यंत पोचल्या आणि दुपारी दोनला निघाल्या, तर ओहायोच्या घड्याळात तीन वाजलेले असतात. त्यात तेरा तास मिळवा. गॅस, खाणं आणि अठरा जणींची बाथरूम मिळवा. सोमवारी पहाटे पाच-सहा. आणि नऊ वाजता लेकीची ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा.

"मध्ये कुठे झोपाल?" विचारलं तर म्हणाली, "आई, बजेट नाहीये. आलटून पालटून चालवू." विषय संपला.

नवरा म्हणतो, आपण नाही का तिच्या वयात रात्र रात्र प्रवास केले. केले, पण स्टिअरिंगवर आपण नव्हतो, हा मुद्दा त्याच्या डोक्यात शिरत नाही.

कोणाची मुलं अशा ट्रिपला गेली आहेत का? मी काय विचारावं आणि कुठे गप्प बसावं?

पाटावरवंटा

कोच नाही म्हणजे? कॉलेजची टीम ना ही? मला वाटायचं कॉलेजच्या टीमला चार्टर बस, सगळ्यांना एकसारखे ट्रॅकसूट, जेवायला वेगळे पैसे असा थाट असतो. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा तसा जायचा.

जुनी_किक

पाटावरवंटा, तो शेजाऱ्यांचा मुलगा व्हर्सिटीत असणार. बऱ्याच आईबाबांचा इथे घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः चार वर्षं क्लब खेळलोय, शेवटच्या वर्षी प्रेसिडेंट होतो.

व्हर्सिटी म्हणजे अॅथलेटिक्स डिपार्टमेंटची टीम. एनसीएएचे, म्हणजे कॉलेजांतल्या खेळांच्या देशव्यापी संघटनेचे नियम, पगारी कोच, ट्रेनर, ठरलेलं बजेट. त्यातही डिव्हिजन तीनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत, खेळासाठी स्कॉलरशिप नसते, पण बस आणि कोच असतात. क्लब टीम येते कॅम्पस रिक्रिएशनच्या हाताखाली. कारभार मुलंच बघतात. वर्गणी, किट, रेफ्रींचे पैसे, हॉटेल, सगळं. कोच असलाच तर बऱ्याचदा हौशी, नाहीतर एखादी सीनियर मुलगीच बाकावरून ओरडत असते. त्याखाली इंट्राम्युरल, म्हणजे हॉस्टेलच्या आपापसातल्या मॅचेस. ओसरी म्हणताहेत ती स्पर्धा निर्सा भरवते, कॅम्पस रिक्रिएशनवाल्यांची संघटना. फोलीला झाली आहे, टेक्सासात राउंड रॉकलाही झाली आहे. तिथे नंबर लागणं सोपं नाही, तेव्हा आधी लेकीचं अभिनंदन!

आता तुमच्या प्रश्नाचं. तुम्हाला बोचतंय ते बरोबरच बोचतंय. आमच्या वेळी मॅचपेक्षा रविवारचा परतीचा ड्राइव्हच अवघड असायचा. जाताना गाडीत दंगा, गाणी, खिडक्या खाली. येताना पहिल्या तासाभरात मागच्या सगळ्या सीट घोरायला लागतात आणि ड्रायव्हर एकटा पडतो. शेजारी बसलेला जागा राहायचं कबूल करतो आणि पहिला तोच झोपतो. मी एकदा केंटकीत एक्झिट नंबर मोठ्याने वाचत गाडी चालवली आहे, डोळे मिटू नयेत म्हणून. मध्येच लक्षात आलं की मागचे तीन एक्झिट मला आठवतच नाहीयेत. पुढच्या रेस्ट एरियात थांबलो आणि सगळ्यांच्या शिव्या खात दीड तास झोपलो.

कॅम्पस रिक्रिएशनकडे प्रवासाचे लेखी नियम असतातच. लेकीला एकच विचारा: रात्री किती वाजेपर्यंत गाडी चालवायची परवानगी आहे आणि एका ड्रायव्हरने सलग किती तास चालवायचं? बहुतेक ठिकाणी दोन्हीला मर्यादा असते आणि बहुतेक मुलांनी तो फॉर्म न वाचता सही केलेला असतो. मी केला होता.

वाकडी_वाट

ओसरीताई, राग मानू नका, पण एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आहे. मत देते, टॅक्स भरते, गाडी चालवते. तिच्या क्लबच्या प्रवासाचं प्लॅनिंग आईने कशाला करायचं? आणि शेवटी क्लब तो क्लब, हौसेचा मामला. एवढा जीव टांगणीला लावण्यासारखं काय आहे?

जुनी_किक

पहिल्या भागाबद्दल वाद नाही. पण "क्लब तो क्लब" हे मात्र ऐकून घेणार नाही. मुलींच्या कॉलेज सॉकरमधलं सगळ्यात दबदब्याचं नाव म्हणजे नॉर्थ कॅरोलायना. १९८२ मध्ये एनसीएएने मुलींची पहिली स्पर्धा घेतली ती त्यांनीच जिंकली, पुढे तर ढीगभर. ती टीम १९७९ पर्यंत क्लबच होती. आम्हाला व्हर्सिटी करा म्हणून पोरीच मागे लागल्या होत्या. हौसेचा मामला म्हणे!

कोल्हापुरी_ठेचा

अवांतर: इथे कोल्हापुरात पेठांच्या तालमींच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतंय आणि तुम्ही फुटबॉलला सॉकर म्हणताय, काळजाला घरं पडली. बाकी चालू द्या, वाचतोय.

ओसरी

ठेचा, घरात रोज सॉकर ऐकून ऐकून जीभ वळली हो. दिवे घ्या.

वाकडी_वाट, राग नाही. तुमचाच प्रश्न मी रोज स्वतःला विचारते, म्हणून तर तिच्याशी बोलायच्या आधी इथे लिहिलं. प्लॅनिंग मला करायचं नाहीये. एकच प्रश्न विचारायचाय आणि तो नेमका विचारायचाय. नाहीतर ती "आई, चिल" म्हणते आणि माझ्या हातात फोन तेवढा उरतो.

लेन_असिस्ट

मी गाड्यांच्या सेफ्टीत काम करतो, त्यामुळे थोडा रूक्ष प्रतिसाद येणार.

पहिली चांगली बातमी: मिनीव्हॅन आहेत हे फार बरं. पूर्वी कॉलेज आणि चर्चवाले सर्रास पंधरा सीटरच्या लांब व्हॅन वापरायचे. २००१ मध्ये सरकारी हायवे सेफ्टी खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, त्यांच्याबद्दल जाहीर इशारा दिला. दहा किंवा जास्त माणसं भरली की एकट्या गाडीच्या अपघातात ती उलटण्याचं प्रमाण कमी माणसं असतानाच्या जवळजवळ तिप्पट निघालं होतं. सगळं वजन मागच्या चाकांच्या मागे आणि वर जातं. नंतर बऱ्याच कॉलेजांनी त्या बंद केल्या. नव्या गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल असतो, पण जुन्या अजून दिसतात. तीन मिनीव्हॅन, प्रत्येकीत सहा जणी, हे प्रमाण ठीक. बॅगा मात्र छपरावर बांधू नका म्हणावं, आणि निघायच्या आदल्या दिवशी टायरची हवा बघायची. डोळ्यांनी नाही, गेज लावून. नोव्हेंबरात थंडीने हवा उतरते.

आता बस असती तर बरं झालं असतं असं वाटत असेल तर ऐका. आपल्या ओहायोतल्याच ब्लफ्टन युनिव्हर्सिटीची बेसबॉल टीम २००७ च्या मार्चमध्ये चार्टर बसने फ्लोरिडाला स्पर्धेला निघाली होती. २ मार्चच्या पहाटे अटलांटात आय-७५ वर डाव्या बाजूला एचओव्ही लेनचा, म्हणजे एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठीच्या लेनचा, एक्झिट रॅम्प वर जातो. ड्रायव्हरला ती सरळ जाणारी लेन वाटली. बस त्याच वेगात वर चढली, वरच्या टी-जंक्शनला थांबू शकली नाही आणि कठडा तोडून खाली हायवेवर कोसळली. सात जण गेले: पाच खेळाडू, ड्रायव्हर आणि त्याची बायको. त्या ड्रायव्हरने जेमतेम तासाभरापूर्वी पहिल्याकडून गाडी हातात घेतली होती. एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने, रॅम्पच्या अपुऱ्या खुणांवरही बोट ठेवलं. खेळाडूंच्या सीटना पट्टे नव्हते. नव्या मोठ्या बसमध्ये कंबर-खांद्याचे पट्टे सक्तीचे व्हायला २०१६ चा नोव्हेंबर उजाडावा लागला, आणि त्यासाठी त्या पोरांचे आईबाप वर्षानुवर्षं वॉशिंग्टनच्या खेपा घालत होते.

हे घाबरवायला सांगत नाहीये. सांगायचंय ते पुढे आहे. प्रवासी बसच्या पगारी ड्रायव्हरला आठ तास सुट्टी घेतल्यानंतर जास्तीत जास्त दहा तास चालवता येतं. कायदा आहे. तो माणूस आदल्या दिवशी तीन मॅच खेळलेला नसतो. त्याच्या शेजारी त्याची सीट घ्यायला दुसरा बसलेला असला तरी दहाच. तुमच्या पोरी दोन दिवस धावून, चौघी एका खोलीत झोपून, मग तेरा तासांना बसणार. "आलटून पालटून" म्हणजे नेमकं काय, ते कागदावर हवं. दर दोन तासांनी बदल, आणि जिची पाळी संपली तिने मागे जाऊन झोपायचं, पुढच्या सीटवर तिसरीच जागी मुलगी.

नवा_गडी

मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकतोय आणि आमच्या क्लब टीमबरोबर गेल्या वर्षी दोन राज्यं ओलांडून गेलो होतो. टीममध्ये कोणी आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी असेल तर तिला सांगा, देशातल्या देशात फिरायला काही परवानगी लागत नाही, पण पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि आय-२० (कॉलेजने दिलेला व्हिसाचा फॉर्म) जवळ ठेवायचं. मी पासपोर्ट खोलीवर विसरलो आणि चार दिवस उगाच जीव खालीवर.

बाकी आमचा हॉटेलचा अनुभव: एका खोलीत चौघं, शॉवरला रांग, आणि एसीच्या जाळीवर वाळत घातलेले मोजे. स्पर्धा काय आठवत नाही, तो वास आठवतो.

हळदीचं_दूध

मी ईआरमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात नर्स आहे. ओसरी, गाडीचं बाकीच्यांनी सांगितलंच आहे, माझा मुद्दा वेगळा.

मूल अठराचं झालं की हॉस्पिटलच्या दृष्टीने तुम्ही तिऱ्हाईत. इन्शुरन्स तुमचा, बिल तुमच्या घरी येणार, पण तिने परवानगी दिल्याशिवाय फोनवर आम्ही तुम्हाला ती इथे आहे की नाही एवढंही सांगायला कचरतो. ती बोलू शकत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तुम्ही क्लीव्हलंडला आणि ती अलाबामात. म्हणून दोन कागद आत्ताच करा: माहिती द्यायची परवानगी, म्हणजे हिपा ऑथरायझेशन, आणि मेडिकल पॉवर ऑफ अॅटर्नी. दुसरा कागद म्हणजे ती बोलू शकत नसेल तर उपचारांचे निर्णय तुम्ही घ्यायचा अधिकार. सही तिची लागते. फोटो तिच्या फोनमध्ये, एक तुमच्या, एक टीमच्या प्रेसिडेंटकडे. इन्शुरन्स कार्डाच्या दोन्ही बाजू. प्लॅनचं नेटवर्क राज्याबाहेर कितपत चालतं ते आधी बघा. जिवावरच्या इमर्जन्सीला सहसा अडत नाही, साध्या पायाच्या एक्स-रेला अडतं.

आणि दुसरं. डोक्याला मार बसला की त्या दिवशी परत मैदानात नाही, मग ती कितीही "आयम फाइन" म्हणो. ट्रेनर नसेल तर हे कोणी ठरवायचं ते आधी ठरवा, मॅचच्या मध्ये ठरत नाही. आणि ती मुलगी ड्रायव्हर असेल तर ती परतीला ड्रायव्हर नाही. हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

ओसरी

हळदीचं_दूध, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सहा ड्रायव्हरच्या सहाही जणी खेळणाऱ्या आहेत. गोलकीपरसुद्धा.

आज तिच्याशी बोलले. प्लॅनबद्दल अवाक्षर नाही. जुनी_किकचा प्रश्न जसाच्या तसा विचारला: रात्री किती वाजेपर्यंत चालवायची परवानगी आहे? बराच वेळ शांतता. मग "थांब, बघते." अर्ध्या तासाने मेसेज, नुसता फॉर्मचा स्क्रीनशॉट, खाली एक ओळ पिवळी केलेली. मध्यरात्रीनंतर गाडी चालवायची नाही. म्हणजे त्यांचा ठरलेला प्लॅन त्यांनीच सही केलेल्या कागदात बसत नव्हता. प्रेसिडेंट आता एका रात्रीच्या हॉटेलसाठी ऑफिसशी बोलणार आहे.

मी काही बोलले नाही. एक अंगठा पाठवला.

जुनी_किक

झकास! आता दुसरं: प्रोफेसरला ईमेल. स्पर्धेआधी, नंतर नाही. क्लबच्या प्रवासाला व्हर्सिटीसारखी रजा मिळेलच असं नाही, पण दोन आठवडे आधी विचारलेलं आणि सोमवारी सकाळी हायवेवरून विचारलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

वाकडी_वाट

हे आवडलं. मी माझे शब्द अर्धे मागे घेतो. अर्धेच.

पाटावरवंटा

ओसरी, काय झालं पुढे? वीकेंड होऊन गेला ना?

ओसरी

हो गं, आज जरा निवांत मिळाला.

आधी एक कबुली. शुक्रवारी पहिली मॅच जिंकल्याचा मेसेज आला तेव्हा मी नाचले आणि लगेच मनात हिशोब सुरू झाला. अजून एक जिंकल्या तर रविवार. शनिवारी सकाळी देवापुढे दिवा लावताना काय मागावं तेच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्या लेकीने हरावं, गटातच हरावं, आणि उजेडात घरी यावं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि काहीच न मागता उठले.

शनिवारी बरोबरी. गटात पहिल्या आल्या.

त्याच मॅचमध्ये गोलकीपर एका कॉर्नरला बॉल धरायला झेपावली आणि समोरच्या मुलीचा गुडघा कानाच्या वर बसला. उठली, हसली, म्हणाली फाइन. आमच्या बाईसाहेबांनी तिला विचारलं, आपण आत्ता कोणाशी खेळतोय? तिने कालच्या टीमचं नाव सांगितलं. संपलं. स्पर्धेच्या ट्रेनरकडे नेलं, त्यांनी ईआरला पाठवलं, स्कॅन सुदैवाने स्वच्छ आला. तिच्या आईला डॉक्टर स्वतः फोनवर सगळं सांगत होते, कारण तुझे ते दोन कागद, हळदीचं_दूध, त्यांनी अठराच्या अठरा जणींकडून करून घेतले होते. माझ्या मुलीने आपल्या आईच्या ऑनलाइन मैत्रिणीने सांगितलं असं टीमला सांगितलं म्हणे. तुझी कीर्ती अलाबामापर्यंत गेली आहे.

रविवारी सकाळी साडेआठची क्वार्टर फायनल. राखीव गोलकीपर म्हणजे एरवी मिडफिल्डला खेळणारी, हातमोजे मोठे होणारी एक मुलगी. एक-शून्यने हरल्या. साडेदहा-अकराला निघाल्या. सहाच्या पाच ड्रायव्हर उरलेल्या, म्हणजे एका गाडीला एकच. म्हणून तिसऱ्या गाडीतल्या दोघी आणि पहिल्या गाडीतल्या दोघी अशी अदलाबदल, त्याचा तक्ता टिश्यू पेपरवर, तो मला फोटोत आला. लेन_असिस्ट, दोन तासांचा नियम वरच लिहिलेला होता. रात्री आठच्या सुमारास केंटकीत बोलिंग ग्रीनला थांबल्या. ऑफिसने तीन खोल्या मंजूर केल्या होत्या, अठरा जणी तीन खोल्यांत कशा मावल्या ते मी विचारलं नाही. सोमवारी दुपारी दोनला कॅम्पसवर.

परीक्षा बुडाली. प्रोफेसरने पुन्हा घ्यायला नकार दिला, पण आधी विचारलं होतं म्हणून तेवढे गुण फायनल परीक्षेत मिळवून धरणार आहेत. म्हणजे फायनल आता अवघड. तिची तिने बघावी.

कोल्हापुरी_ठेचा

क्वार्टर फायनलला बदली गोलकीपर आणि एकच गोल खाल्ला? आमच्याकडे असती तर त्या मिडफिल्डरची पेठेतून मिरवणूक निघाली असती.

हळदीचं_दूध

गोलकीपर कशी आहे आता? स्क्रीन आणि अभ्यास दोन्ही बेताने म्हणावं. आणि लगेच सरावाला नाही, पायरीपायरीने.

ओसरी

बरी आहे, उजेडाने अजून डोकं दुखतं. सीझन संपलाच आहे, त्यामुळे निदान त्यावर वाद नाही.

लेक बुधवारी थँक्सगिव्हिंगला घरी आली. किटची बॅग गॅरेजमध्ये आहे, कारण घरात आणायची सोय नाही. शिनगार्ड रविवारपासून ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेले. कॅम्पसच्या टर्फचे ते काळे रबराचे दाणे बुटातून, मोज्यातून, आता माझ्या वॉशिंग मशीनच्या रबरी कडेत. दोनदा पुसली तरी निघतायत. शिनगार्डचा वास घालवायला व्हिनेगर चालतं का बेकिंग सोडा? दोन्ही एकदम नको एवढं माहीत आहे.

नवा_गडी

व्हिनेगर. आणि उन्हात. नोव्हेंबरात ऊन नसेल तर काकू, बॅग गॅरेजमध्येच राहू द्या.